चकती सरकते, पण पिना उचलल्या जात नाहीत

प्रश्न : चकती सरकवून खेळायचे, नाणे टाकून चालणारे एक जुने बोलिंग यंत्र मी विकत घेतले आहे. त्याच्या काचेवर ‘युनायटेड, शिकागो’ असे लिहिलेले आहे. दिवे लागतात आणि चकती मागच्या रबरावर आपटून परत येते, परंतु काही पिना वर उचलल्या जात नाहीत. चकती त्यांना लागत नसेल, तर पिना थोड्या खाली आणाव्यात का? आतल्या स्विचांना तेल घातल्यास उपयोग होईल का?

उत्तर : दोन्ही उपाय करू नयेत. या यंत्रात चकती पिनांना लागतच नाही, किंबहुना लागू नये अशीच त्याची रचना असते. पिना वरच्या छपराला टांगलेल्या असतात आणि चकती त्यांच्या खालून जाते. खाली लाकडी पट्टीच्या फटींतून स्प्रिंगच्या बारीक तारा डोकावत असतात. चकतीने तार दाबली की पट्टीखालचा स्विच जुळतो, रिले (विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच) ओढला जातो आणि संबंधित पिन वर मुडपली जाते. चकती कोणत्या तारांवरून गेली यावर किती पिना ‘पडल्या’ हे ठरते, आणि एकच तार एकाहून अधिक पिनांना हुकूम देऊ शकते.

दोष शोधण्याची किल्ली इथेच आहे. वीज चालू ठेवून चकती हाताने, अगदी सावकाश, प्रत्येक तारेवरून न्यावी आणि काय घडते ते लिहून ठेवावे. एखादी पिन कोणत्याही तारेने हलत नसेल, तर दोष त्या पिनेच्या रिलेत, कॉइलमध्ये किंवा वरच्या यांत्रिक भागात आहे. एखाद्या तारेने मात्र काहीच घडत नसेल, तर तिच्याखालचा स्विच मळला, वाकला किंवा त्याची जोडणी सुटली आहे. अशा यंत्रांत बहुतेक वेळा दोषी ठरतो तो हा स्विचच.

त्यानंतर प्लग काढून स्विचची टोके संपर्क साफ करण्याच्या पातळ कानशीने हलकेच घासावीत. पॉलिश कागदाचे कण टोकांवर रुतून बसतात, तर तेल धूळ धरून ठेवते. शिवाय या टोकांमध्ये ठिणग्या उडतात, हे विसरू नये. गुणांची मोजणीही संगणकाविना, रिले आणि पायरीपायरीने फिरणाऱ्या चाकांवरच चालते, त्यामुळे तिथले बिघाडही पुष्कळदा याच प्रकारचे निघतात. यंत्र मूळ अमेरिकेतले असल्याने ते सुमारे ११५ व्होल्टसाठी बनलेले आहे. आपल्याकडील पुरवठा वेगळा असेल तर योग्य ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि मूळ वायरला अर्थिंग नसेल तर ते जाणकाराकडून बसवून घ्यावे. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त क्षमतेचा फ्यूज बसवून प्रश्न मिटवू नये, कारण मग फ्यूजऐवजी कॉइल जळते.

वयाविषयी आपण विचारलेले नाही, पण सांगतो. युनायटेड कंपनीचे ‘शफल ॲली’ हे अशा प्रकारचे यंत्र १९४९ साली बाजारात आले आणि शिकागोतील इतर कारखान्यांनीही लगोलग तशीच यंत्रे काढली. १९६४ मध्ये विल्यम्स या खेळयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने युनायटेड विकत घेतली. पुढेही काही काळ हे नाव यंत्रांवर राहिले, म्हणून केवळ नावावरून साल ठरवू नये. पेटीच्या आत विद्युत आकृतीचा कागद शिल्लक असेल तर तो जपावा. विकताना त्याची किंमत फारशी येत नाही, पण दुरुस्ती करणाऱ्याला त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

प्रश्न : चकती नीट सरकत नाही. कॅरमची बोरिक पावडर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. ती फार बारीक असल्याने फटींतून स्विचांवर उतरते. शफलबोर्ड या लांब टेबलावर चकत्या सरकवण्याच्या खेळासाठी मिळणारी दाणेदार पावडर अगदी थोडी वापरावी. तिचे दाणे चकतीखाली गोट्यांसारखे घरंगळतात. त्याआधी चकती उलटी करून पाहावी. खालच्या कडेचा क्रोमचा थर उखडला असेल तर ती पट्टीवर ओरखडे पाडते, आणि अशा वेळी पावडर बदलण्याऐवजी चकतीच बदलावी लागते.