हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये गेलेली बेंबी परत बनवता येते का?

प्रश्न असा आहे: बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, जाळी बसवली, बेंबी काढावी लागली. आता पोटावर नुसता उभा व्रण आहे. बेंबी परत करता येते का, टिकते का, आणि सोलापुरात कुठे विचारायचं?

करता येते. टिकेल की नाही, हे मात्र वरच्या आकारापेक्षा आतल्या टाक्यावर ठरतं. ऑपरेशन संपताना जवळजवळ प्रत्येक नवी बेंबी छान दिसते. बिघडते ती पुढच्या तीन-चार महिन्यांत.

बेंबी म्हणजे मुळात एक व्रणच. नाळ गळून पडल्यावर तिथली कातडी पोटाच्या स्नायूंवरच्या पांढऱ्या चिवट आवरणाला, म्हणजे फॅशियाला, थेट चिकटते. मध्ये चरबी नसते, म्हणून खळगा दिसतो. नवी बेंबी करताना हेच पुन्हा घडवायचं असतं.

आधी तुमचं जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद शोधा. जाळी स्नायूंच्या मागे आहे की फॅशियाच्या वर, हे त्यात लिहिलेलं असतं. वर असेल तर नव्या बेंबीचे टाके जाळीतूनच जातात, आणि जखम पिकली तर जंतू जाळीपर्यंत पोचतात. मग कधीकधी अख्खी जाळी काढायची वेळ येते. अशा वेळी बेंबी थोडी उथळ झाली तरी चालेल, पण जाळीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं म्हणजे उभं राहून खोकून पाहा. व्रणाजवळ फुगा आला तर हर्निया परत आलेला असू शकतो. सोनोग्राफी करून आधी त्याचा निकाल लावायचा. दोन वर्षांत व्रण मऊ झाला असेल, त्यामुळे आणखी थांबायची गरज नाही. जुना व्रण जाड, उंच आणि खाजरा असेल तर हे आवर्जून सांगा, नवा व्रणही तसाच वाढू शकतो. पुढे मूल हवं असेल तर बाळंतपणानंतरच करा.

तंबाखू किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. यात मिश्रीही आली. बिडी-सिगारेट नाही म्हणून डॉक्टरांना 'काही नाही' असं सांगितलं जातं आणि सकाळची मिश्री चालूच राहते. निकोटीन तोंडातून गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतातच, आणि बेंबीसाठी आत वळवायचे कातडीचे तुकडे इतके लहान असतात की टोकं काळी पडायला तेवढं पुरतं. साखर असेल तर ती आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

जागा उभं राहून आखतात, कारण आडवं झाल्यावर पोटाची कातडी सरकते. कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणारी रेषा आणि पोटाची मधली रेषा जिथे मिळतात, साधारण तिथे. साडी नेसत असाल तर परकराची नाडी कुठे येते तेही दाखवा. नाडी नेमकी नव्या बेंबीवर घासत राहिली तर जखम लवकर भरत नाही.

चरबी बेताची असेल तर जागा बधिर करून सुमारे तासाभरात काम होतं. पद्धती बऱ्याच आहेत. नेहमीची म्हणजे कातडीवर तीन किंवा चार पाकळ्या आखायच्या, प्रत्येक सुमारे दीड सेंटिमीटर, बुडाशी रुंद. जुना व्रण पाकळीच्या बुडातून आडवा जाऊ नये, नाहीतर टोकाला रक्त पोचत नाही. मग खालची चरबी दोन-तीन सेंटिमीटर व्यासात पांढरं फॅशिया दिसेपर्यंत काढायची आणि पाकळ्यांची टोकं आत वळवून फॅशियाला शिवायची. धागा हळू विरघळणारा हवा. व्हिक्रिल नावाच्या धाग्याचा जोर तीन-चार आठवड्यांत ओसरतो, पीडीएस नावाचा धागा सहाएक आठवडे धरतो. वरची पाकळी जरा मोठी ठेवली की वरून छपरासारखी घडी येते आणि बेंबी खरी वाटते. खळगा हवा त्यापेक्षा थोडा खोलच करायचा, पुढे तो भरतोच.

सगळ्यात जास्त फसतं ते गोल व्रणामुळे. कडेने अखंड वर्तुळात टाके घातले की भरताना तो व्रण बटव्याच्या नाडीसारखा आवळतो आणि बेंबीचं टाचणीएवढं भोक उरतं. आत घाम-मळ साचतो, वास येतो. पाकळ्या आखण्यामागे हेच कारण आहे: व्रणाची रेषा मोडली की ती आवळत नाही.

ऑपरेशननंतर खळग्यात मलम लावलेला व्हॅसलिन गॉजचा बोळा पाच ते सात दिवस बसवतात. वरचे टाके दहा ते चौदा दिवसांनी. पुढे दोन-तीन महिने मऊ सिलिकॉनची गुंडी किंवा गॉजची गोळी ठेवायची. याचा कंटाळा केला की बेंबी सपाट होते. सहा आठवडे जड उचलणं बंद. नळाला पाणी आलं की घागरी आणि बादल्या उचलण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. जखम भरेपर्यंत बेंबीत तेल, हळद काही घालायचं नाही. कड निळसर-जांभळी दिसली, पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. ताणलेला एखादा टाका वेळेत काढला तर पाकळी वाचू शकते. टोक थोडं काळं पडलं तरी घाबरू नका, ड्रेसिंगवर ते बहुधा भरतं. दुरुस्ती करायचीच झाली तर सहा महिन्यांनी.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ड्रेसिंग घामाने भिजतं, म्हणून शक्य असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी धरा.

सुरुवात सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीतून करा आणि प्लास्टिक सर्जनचा सल्ला मागा. खासगीत गेलात तर डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी बघा आणि आधी केलेल्या बेंबीचे एक वर्षानंतरचे फोटो दाखवायला सांगा; टाके काढल्या दिवशीच्या फोटोवरून काही कळत नाही. विम्यात नुसती बेंबी सहसा बसत नाही, कारण ती दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया धरली जाते. हर्निया परत आला असेल तर त्याच्या दुरुस्तीसाठी मात्र विमा कंपनीकडे आधी लेखी मंजुरी मागा, आणि बेंबीचा खर्च बिलात वेगळा लिहून घ्या.