पेढा घेताना बोललेलं वाक्य

प्रिय मुली,

स्पर्धा परीक्षेत तुझी कर सहायकाची पोस्ट निघाल्यावर तुझी खोलीतली मैत्रीण जे बोलली, ती तू लिहून पाठवलेली तीन वाक्यं वाचली. "राज्यसेवा नाही तर नाही, कर सहायक म्हणजेही काही वाईट नाही हं." "क्लास न लावता निघालीस, म्हणजे पेपर यंदा सोपाच होता." आणि अभ्यासिकेत सगळ्यांसमोर पेढा हातात घेताना, "तुझी पोस्ट निघेल असं वाटलंच नव्हतं, पण काढलीस बाई!" तिन्ही अभिनंदन म्हणूनच बोलली गेली आणि तिन्ही तुला लागली. आपण उगाच मनाला लावून घेतोय का, असं तू विचारलंयस. उगाच नाही. हे शालजोडीतले आहेत आणि ते लागणारच. पण तिला काय उत्तर द्यायचं हे ठरवण्याआधी ही वाक्यं कशी बनली आहेत ते बघ.

अशा प्रत्येक वाक्यात कौतुकाच्या पोटात एक माप दडलेलं असतं. पहिल्या वाक्यात माप आहे तुझ्याहून मोठी पोस्ट. दुसऱ्यात कौतुक तुझं, पण श्रेय गेलं पेपरला. "नशीब काढलंस", "घरून पाठिंबा होता म्हणून जमलं" ही याच जातीची वाक्यं. तिसऱ्यात माप आहे तिचं तुझ्याबद्दलचं जुनं मत. "असून", "तरी", "च्या मानाने", "चक्क", "निदान" असे शब्द वाक्यात आले की तिथे माप शोधायचं. मग ते माप काढून वाक्य पुन्हा वाचायचं. "पोस्ट काढलीस बाई!" एवढंच उरलं तर छान वाटतं ना? म्हणजे दुखतंय ते माप, कौतुक नव्हे. हे एकदा वेगळं करता आलं की पूर्ण वाक्यावर चिडायची गरज उरत नाही. कौतुक ठेवून घ्यायचं आणि बोलायचं फक्त मापाबद्दल.

एक गोष्ट मात्र तपासून घे. आपल्याकडे कितीतरी घरांत मोकळं कौतुक करतच नाहीत. भाजी उत्तम झाली तरी "बरी झालीये" म्हणतात, नव्वद टक्के पडले की "बाकीचे दहा कुठे गेले" विचारतात, कुणाची नजर लागू नये म्हणूनही हात आखडता घेतात. अशा घरात वाढलेली मुलगी मैत्रिणीचं कौतुकही तसंच करते आणि त्यात आपण कुणाला टोचतोय याची तिला खबर नसते. ती सगळ्यांशीच असं बोलते का, की तुझ्याशीच? नेहमी बोलते, की तुझा निकाल लागल्यापासून?

हे आठवणीवर सोडू नकोस, कारण आपली आठवण दुसऱ्याच्या वाक्याला आपला सूर लावते. काही दिवस मोबाइलमध्ये टिपून ठेव: नेमके शब्द, समोर कोण कोण होतं, त्याच्या थोडं आधी तुझ्याबाबत काय घडलं होतं आणि तिच्याबाबत काय. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच विसरतात. फक्त चारचौघांतच बोलत असेल तर तिला इतरांसमोर आपली जागा राखायची आहे. फक्त परीक्षा आणि पोस्ट या विषयांवरच बोलत असेल आणि तुझ्या कपड्यांचं, स्वयंपाकाचं, आवाजाचं कौतुक मोकळेपणाने करत असेल, तर दुखणं तिचं आहे. ही यादी फक्त तुझ्यासाठी. ती तिच्यासमोर वाचायची नाही आणि तिसऱ्या मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवायचा नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत अशी गोष्ट एका मेसमधून दुसऱ्या मेसमध्ये जायला एक जेवण पुरतं.

तू लिहिलंयस त्यावरून मला दुसरी शक्यता, म्हणजे दुखणं तिचं आहे, हीच जास्त वाटते. तुम्ही दोघी एकाच खोलीत कॉट बेसिसवर राहिलात, एकाच अभ्यासिकेत शेजारी बसलात, डबा वाटून खाल्लात, आणि यादीत नाव एकीचंच आलं. अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात याबद्दल एक मांडणी केली. माणूस जवळचा असेल आणि तो ज्यात पुढे गेला तीच गोष्ट आपल्याही जिव्हाळ्याची असेल, तर त्याचं यश आपल्याला सर्वांत जास्त बोचतं. परक्याचं यश एवढं बोचत नाही. जवळच्याचं, पण आपल्याला ज्याचं सोयरसुतक नाही अशा क्षेत्रातलं यश उलट अभिमानाने मिरवलं जातं. तू गाण्याची स्पर्धा जिंकली असतीस तर हीच मैत्रीण तुझं नाव सगळ्या पेठेत सांगत फिरली असती. याने तिचं बोलणं बरोबर ठरत नाही. फक्त तिच्याशी बोलायला बसताना तू आरोपी समोर असल्यासारखी बसू नयेस म्हणून हे सांगितलं.

ओव्हुल सेझर, अॅलिसन वुड ब्रूक्स आणि मायकेल नॉर्टन या अभ्यासकांनी नेमका अशा कौतुकाचाच अभ्यास केला. बोलणाऱ्याला वाटतं की यातून आपण आवडतेही होऊ आणि वरचढही दिसू. ऐकणारे त्याला यातलं काहीच देत नाहीत, बाजूला उभे असलेलेसुद्धा देत नाहीत. म्हणून अभ्यासिकेत ते वाक्य ऐकून सगळे तुला कमी लेखत असतील, ही भीती सोडून दे.

आता वाक्य कानावर पडतं त्या क्षणाबद्दल. आधी दोन-तीन सेकंद काहीच बोलू नकोस. ही शांतता तुला लांबलचक वाटेल, पण ती अवघडच असायला हवी. आपण घाईने हसून ती भरून टाकतो आणि हसलं की पसंती दिल्यासारखं होतं. मग चारचौघांत असशील तर फक्त कौतुकाला उत्तर दे: "थँक्यू." पुढे एक शब्द नको. "हो गं, पेपर सोपाच होता, मी कुठे एवढी हुशार" हे तर मुळीच नको. आपल्या मुलींना हे फार पटकन सुचतं, नम्रपणा वाटतो. पण त्याने तिच्या मापावर तूच शिक्का मारतेस, आणि पुढच्या वेळी ती बिनदिक्कत तेच बोलते.

श्रेयच काढून घेतलं असेल, तर वस्तुस्थिती एका वाक्यात, साध्या आवाजात सांग. "सोपा नव्हता गं, चालू घडामोडींवर दोन महिने घातले होते." एवढंच. स्पष्टीकरण वाढलं की ते सारवासारव केल्यासारखं ऐकू येतं.

दोघीच असाल तर विचार: "म्हणजे? नीट कळलं नाही मला." सगळं सुरावर अवलंबून आहे. तू चहा किती वाजता घ्यायचा हे ज्या आवाजात विचारतेस, त्याच आवाजात हे विचारायचं. भुवई उंचावून विचारलंस तर तो तुझा टोमणा होईल आणि भांडणाचं निमित्त तिच्या हातात जाईल. नीट विचारलंस तर तिला आपलं वाक्य स्वतः उलगडून सांगावं लागतं, आणि पुष्कळदा सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू येतं. "अगं, गंमत केली," असं म्हणाली तर, "असेल, पण मला ती लागली." इथे थांब. लगेच विषय बदलून तिची सुटका करू नकोस.

उलट टोमणा मारायचा मोह आवर. "तुझा निकाल लागला की बघू" हे वाक्य तुझ्या ओठांवर येईल. ते एकदा तोंडातून गेलं की तिचं आधीचं सगळं माफ होतं आणि लोकांना फक्त तुझंच लक्षात राहतं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर असं काही आलं तर ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, डिलीट करायलाही लावू नकोस आणि रात्री अकरानंतर तर टाइपच करू नकोस. लिखाणात सूर कळत नाही, आणि हसऱ्या इमोजीचा अर्थ जो तो आपल्या मनाप्रमाणे लावतो. दुसऱ्या दिवशी फोन कर.

एवढ्याने भागलं नाही तर एकदा समोरासमोर बोलावं लागेल, आणि तुझ्या बाबतीत ते लागेलच, कारण ही मैत्रीण तुला हवी आहे. जागा विचार करून निवड. अभ्यासिकेत नाही, तिथे कुजबुजही चार टेबलांपर्यंत जाते. खोलीवर नाही, तिथे आणखी दोघीजणी असतात. टपरीवर ओळखीचं कुणीतरी येऊन उभं राहतंच. संध्याकाळी सारसबागेकडे चालत जा. चालताना नजरेला नजर सतत द्यावी लागत नाही, आणि अवघड गोष्ट बोलायला त्याची मदत होते. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. वेळही बघ: तिच्या मुख्य परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस किंवा तिचा निकाल लागला तो आठवडा टाळ. त्या दिवसांत तिला कुणाचंच काही ऐकू येणार नाही.

बोलायचं ते असं, हवं तर आधी मोठ्याने म्हणून बघ: "परवा पेढे वाटताना तू म्हणालीस की माझी पोस्ट निघेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांसमोर ते ऐकून मला वाईट वाटलं, कारण तुझं मत मला बाकीच्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. पुढच्या वेळी माझ्याबद्दल शंका असली तर मला एकटीला सांग, मी ऐकेन." एकच प्रसंग, ताजा. काय बोललं गेलं, तुला काय झालं, आता काय हवं. "तू नेहमीच", "तू कधीच" हे शब्द काढून टाक. बोलणं बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच: आपण एकाला जोडून दुसरं, दुसऱ्याला जोडून तिसरं काढतो, आणि समोरची व्यक्ती प्रत्येकाचा बचाव करत बसते. मूळ मुद्दा राहतो बाजूला.

ती काय म्हणेल? "तू फार सेन्सिटिव्ह झालीस पोस्ट निघाल्यापासून." त्यावर वाद नको. "असेन. तरी एवढं सांभाळ, माझ्यासाठी." ती रडली तर जवळ बस, पाणी दे, पण "जाऊ दे, मी काही बोललेच नाही" म्हणू नकोस. बोललेलं मागे घेतलंस तर पुन्हा बोलायची हिंमत होणार नाही. आणि ती उलट तक्रार करू शकते: "तू तरी निकालापासून दुसरं काय बोलतेस? जॉइनिंग, क्वार्टर, सत्कार." हे नीट ऐक. कदाचित खरं असेल. अजून लायब्ररीचा पास काढणाऱ्या मुलीसमोर रोज पगाराचा हिशेब मांडणं हाही एक प्रकारे टोचणंच आहे, मग हेतू काही का असेना. पटलं तर तिथेच कबूल कर. तिचा मुद्दा मान्य केल्याने तुझा मुद्दा कमी होत नाही.

यानंतर दीड-दोन महिने दे. सवय आहे ती, एका संध्याकाळी जात नाही. एखादं वाक्य पुन्हा निसटेल. ती अर्ध्यात थांबली, जीभ चावली, "सॉरी, परत तेच" म्हणाली, तर मैत्री टिकणार. मी तरी माणूस इथेच पारखते, मूळ टोमण्यावरून नाही. टोमणा कुणाच्याही तोंडून जातो. लागलं असं सांगितल्यावर माणूस काय करतो, त्यावरून कळतं. ती मोकळं कौतुक करेल तेव्हा ते मनापासून घे, "खरंच, फार बरं वाटलं" असं म्हण. आणि तिचंही कर, पण खोटं नको. तिची उत्तरं लिहायची पद्धत तुझ्यापेक्षा चांगली आहे असं तूच लिहिलंयस. हे तिला कधी सांगितलंस का?

काहीच फरक पडला नाही, उलट सांगितल्यानंतर ती जास्त, आणि चारचौघांतच, बोलू लागली, तर तिला माहीत असून ती करते आहे. अबोला धरू नकोस, जाहीर निकालही लावू नकोस. फक्त अंतर वाढव. आनंदाची बातमी तिला पहिल्यांदा सांगायची नाही, चार दिवसांनी सांगायची. मनातली भीती, घरचे पैशांचे प्रश्न तिच्याजवळ काढायचे नाहीत, कारण तेच पुढे माप बनून परत येतात. सिनेमा, चहा, वाढदिवस चालू राहू देत. काही मैत्र्या एवढ्याच रुंदीच्या असतात आणि तेवढ्यात त्या बऱ्या चालतात.

एका प्रकाराला मात्र हे सगळं लागू नाही. "कॅटेगरीतून असलीस तरी अभ्यास करतेस हो," "सावळी असून फोटोत छान येतेस," असं कुणी बोललं तर नोंदी नकोत, सारसबाग नको, दोन महिने तर नकोतच. तिथे अपमान तुझ्या एकटीचा नसतो आणि ऐकणाऱ्यांत त्याच मापाने मोजली जाणारी आणखी कुणी बसलेली असते. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता: "हे बोलणं मला चालणार नाही." कारण द्यायची तुझ्यावर जबाबदारी नाही.

आणि तिची वाक्यं दोन आठवड्यांहून जास्त डोक्यात घोळत राहिली, झोप उडाली, जेवण जाईना, तर ते आता मैत्रिणीपुरतं राहिलेलं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, चोवीस तास चालू, मोफत, मराठीतही बोलतात.

रविवारी सत्काराला ती येणार आहे म्हणतेस. त्याआधी तिच्याशी बोलायची घाई करू नकोस. त्या दिवशी पुन्हा काही बोलली तर "थँक्यू" आणि शांतता, एवढंच. माइक हातात आला तर तिचं नाव घे, पण पहाटे कुणी उठवलं, कुणाच्या नोट्स वापरल्या, असं नेमकं सांग. नुसतं "सर्व मैत्रिणींचे आभार" नको. फिरायला जायचं ते पुढच्या आठवड्यात, तिची टेस्ट सिरीज बुधवारी झाली की गुरुवारी.

तुझी
ताई