मंगळाचं नंतर बघू, आधी लोणार

मागच्या अंकात चांद्रयान-३ च्या रोव्हरवरच्या उपकरणाबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं की ग्रहविज्ञानातल्या, म्हणजे ग्रह, चंद्र, उल्का यांच्या अभ्यासातल्या, करिअरबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, नासात कसं जायचं. त्याचंही उत्तर खाली येईल, पण जरा दमानं.

ताई, मी बुलढाणा जिल्ह्यातली, बीएस्सी जिऑलॉजी दुसऱ्या वर्षाला आहे. मला ग्रहविज्ञानच करायचंय पण या विषयाची डिग्रीच कुठे सापडत नाही. सगळे म्हणतात फिजिक्स घ्यायला हवं होतं. उशीर झाला का?

अगं कसला उशीर, उलट तू बरोबर ठिकाणी बसलीयेस. आपल्याकडे बीएस्सी ग्रहविज्ञान अशी पाटी लावलेलं कॉलेज शोधत बसू नकोस, या क्षेत्रात जे लोक आहेत ते सगळे कुठूनतरी दुसरीकडून आलेत, कोणी जिऑलॉजी, कोणी फिजिक्स, कोणी केमिस्ट्री, कोणी रिमोट सेन्सिंग. दगड वाचता येणारा माणूस या विषयाला कायम लागतो, कारण चंद्र आणि मंगळ म्हणजे शेवटी दगडच.

आणि तुझ्या जिल्ह्यात लोणार आहे! साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, उल्का आदळून झालेलं, आणि ते बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडात, आहे ही खरी गंमत. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचे, मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा, आणि पृथ्वीवर बेसाल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं आघाती विवर शोधायला गेलं तर लोणारच पुढे येतं. म्हणून जगभरचे लोक तिथे येऊन अभ्यास करतात, आणि आपण तिथे शाळेची सहल नेतो आणि पाणी गुलाबी झालं की फोटो काढतो.

एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल. लोणारच्या धक्का बसलेल्या दगडाची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आडवे-उभे पोलरायझर, म्हणजे प्रकाशाच्या गाळण्या, लावले आणि स्टेज फिरवलं, तर साधं प्लॅजिओक्लेज, बेसाल्टमधलं नेहमीचं खनिज, आलटून पालटून उजळतं आणि काळं होतं, तू प्रॅक्टिकलला पाहिलंच असशील. पण काही कण कितीही फिरवले तरी काळेच राहतात. आकार स्फटिकाचा, पण आतून काच झालेली, न वितळता, नुसत्या धक्क्याने. त्याला मास्केलिनाइट म्हणतात. हे पहिल्यांदा वर्णन केलं गेलं ते बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली आहे हे कळायला पुढे शंभरावर वर्षं गेली. म्हणजे मंगळाचा तुकडा आणि तुझ्या जिल्ह्यातला दगड एकाच प्रकारची खूण दाखवतात, यावर एमएस्सीचं डिसर्टेशन सहज उभं राहतं. फक्त तिथे हातोडी घेऊन जाऊ नकोस, ते अभयारण्य आहे, परवानगी कॉलेजमार्फत रीतसर काढायची. आधी तुमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात कोणी जुने नमुने ठेवलेत का ते विचार, बऱ्याच ठिकाणी असतात.

पुढचा रस्ता: एमएस्सी जिऑलॉजी किंवा जिओफिजिक्स किंवा जिओइन्फर्मॅटिक्स, मग सीएसआयआर-नेट ही परीक्षा, ज्यात तुझ्या पेपरचं नावच पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असं आहे, किंवा गेट. मग अहमदाबादची पीआरएल, म्हणजे १९४७ मध्ये विक्रम साराभाईंनी सुरू केलेली भौतिक संशोधन प्रयोगशाळा, तिथे ग्रहविज्ञानाचा वेगळा विभाग आहे आणि जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणून पीएचडीला घेतात. जेआरएफची फेलोशिप सध्या महिना ३७,००० आणि वर घरभाडं, नंतर एसआरएफ, म्हणजे सीनिअर, झालं की ४२,०००. श्रीमंत होणार नाहीस पण घरून पैसे मागावे लागत नाहीत. यूजीसी किंवा सीएसआयआरची फेलोशिप नाही मिळाली तर आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, तू कुठल्या गटात बसतेस ते बघून जाहिरातींवर लक्ष ठेव. आणि आत्ता लगेच करण्यासारखं म्हणजे भारतीय विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप, दोन महिने एखाद्या संशोधकाकडे जाऊन काम करायचं, अर्ज दिवाळीच्या आसपास सुरू होतात. पीआरएलच्या मार्गदर्शकाचं नाव टाकून भर.

बीई इलेक्ट्रॉनिक्स झालंय, नाशिकला एका कंपनीत टेस्टिंगला आहे. इस्रोची परीक्षा देऊ की पीएचडी करू? घरचे म्हणतात इस्रो म्हणजे सरकारी नोकरी, ती धर.

दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, तेवढं लक्षात घे. इस्रोची सायंटिस्ट-इंजिनिअरची भरती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरची असते, निवड झाली तर तू रॉकेटच्या, उपग्रहाच्या, ग्राउंड स्टेशनच्या कुठल्याही कामावर जाऊ शकतोस, ग्रहांचं काम मिळेलच असं नाही. पण ग्रहविज्ञानात इंजिनिअरला जागा नाही असं अजिबात समजू नकोस. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरचं एपीएक्सएस, म्हणजे मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण, पीआरएलमध्ये बनलं. त्यात क्युरियमचे छोटे किरणोत्सारी स्रोत असतात, ते चंद्राच्या मातीवर अल्फा कण आणि एक्स-रे सोडतात, मातीतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे एक्स-रे परत फेकतं आणि ते सिलिकॉनच्या डिटेक्टरवर मोजायचे. आता त्या डिटेक्टरचा सिग्नल इतका बारीक असतो की प्रीअँप्लिफायरमध्ये, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटमध्ये, जरा नॉइज आला की मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांत मिसळतात, हे कोण सोडवणार, जिऑलॉजीवाला? टेस्टिंगला आहेस म्हणजे व्हायब्रेशन, थर्मल सायकलिंग हे शब्द तुला माहितीयेत, पेलोडच्या, म्हणजे यानावर बसवायच्या उपकरणांच्या, लॅबमध्ये तेच चालतं. त्याच उपकरणाच्या मोजण्यांवरून २०२४ मध्ये आपल्या लोकांचा नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर आला, की दक्षिण ध्रुवाकडच्या मातीची घडण चंद्र पूर्वी वितळलेला होता या कल्पनेशी जुळते.

माझं मत विचारशील तर परीक्षा दे, आणि त्याच वर्षी गेटही दे. एकाच अभ्यासात दोन्ही होतं.

माझा मुलगा बीएस्सीला आहे, कोल्हापूर. त्याला बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय अवकाश परिषदेत भाषणाचं आमंत्रण आलंय, फी ४०० डॉलर भरायची आहे. सोबत सर्टिफिकेट मिळेल म्हणतात. पाठवू का?

नका पाठवू. वहिनी, स्पष्टच लिहिते, हा धंदा आहे. बीएस्सीच्या पोराला 'आदरणीय प्राध्यापक' म्हणून मेल येतो, एकाच परिषदेत अवकाश, नर्सिंग आणि मॅनेजमेंट असतं, निबंध पाठवला की दोन दिवसात स्वीकारला जातो आणि त्याच मेलमध्ये पैसे भरायची लिंक असते. हॉटेलच्या हॉलमध्ये वीस माणसं, फोटो, मोमेंटो, घरी. त्या सर्टिफिकेटला पुढे कोणी विचारत नाही, उलट ते सीव्हीवर दिसलं तर निवड समितीत भुवया वर जातात. (तसंच ते नाव मंगळावर पाठवल्याचं नासाचं बोर्डिंग पास. मजेमजेत काढायला छानच आहे, मीही काढलंय, पण सीव्हीत घालू नये.)

खरी परिषद कशी असते ते सांगते. अमेरिकेत ह्यूस्टनजवळ दर मार्चमध्ये चंद्र आणि ग्रहविज्ञानाची मोठी परिषद भरते, एलपीएससी म्हणतात. ती सुरू झाली १९७० मध्ये, अपोलो-११ ने आणलेल्या दगडांवरचं काम लोकांनी पहिल्यांदा मांडलं तेव्हा. तिथे दोन पानांचा गोषवारा पाठवावा लागतो, साधारण जानेवारीच्या सुरुवातीला, आणि ती दोन पानं म्हणजे चार ओळींची जाहिरात नाही, त्यात आकृती, डेटा, पद्धत, निष्कर्ष, संदर्भ सगळं कोंबून बसवायचं असतं. पण तुमच्या मुलाने एवढ्या लांब उडी मारायची गरजच नाही. अहमदाबादला पीआरएल भारतीय ग्रहविज्ञान परिषद भरवते, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोल्हापूरहून रेल्वेने जाता येतं आणि ज्यांचे पेपर वाचतो ती माणसं चहाच्या रांगेत पुढे उभी असतात. ४०० डॉलरमध्ये तो तिथे जाऊन येईल आणि पैसे उरतील.

सोलापूर, पीएचडीचं तिसरं वर्ष. चांद्रयान-२ च्या डेटावर काम करते. परदेशातल्या परिषदेत पोस्टर लागलंय पण गाइडकडे प्रोजेक्ट नाही, युनिव्हर्सिटी थोडेच पैसे देते. काय करू?

आधी अभिनंदन. आता पैशाचं. एकाच ठिकाणाहून सगळा खर्च निघेल अशी आशा सोड, तीन-चार ठिकाणचे तुकडे जोडावे लागतात आणि सगळेच तसंच करतात.

पहिलं, परिषदेच्याच वेबसाइटवर विद्यार्थ्यांसाठी प्रवास अनुदान आहे का बघ. उल्काविज्ञानाची मिटिओरिटिकल सोसायटी, दोन वर्षांनी भरणारी कॉस्पार ही अवकाश संशोधनाची परिषद, अशा ठिकाणी असतं, आणि त्याची मुदत बहुतेक वेळा गोषवाऱ्याच्या मुदतीच्या आसपासच असते, म्हणजे पोस्टर लागल्याचा मेल येईपर्यंत ती गेलेली असते. इथेच सगळे फसतात. यावेळी गेली असेल तर पुढच्या वेळी गोषवारा पाठवतानाच तो अर्ज भरायचा. दुसरं, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे आपलं जुनं सर्ब, त्यांची परदेश प्रवासाची योजना, आणि सीएसआयआरचं विद्यार्थ्यांसाठीचं अनुदान. दोन्हीकडे स्वीकारपत्र लागतं आणि अर्ज बरेच आधी करावा लागतो, तेव्हा पत्र आलं त्याच दिवशी बस. तिसरं, आयोजकांना साधा मेल टाक की रजिस्ट्रेशन फी माफ होईल का. लाज वाटते, माहितीये, पण विचारणाऱ्यांना मिळते. मेल चार ओळींचा ठेव, गरिबीची कहाणी लिहू नकोस, काम काय आणि किती पैसे कमी पडतायत एवढंच.

आणि व्हिसा! अमेरिका असेल तर मुंबईची अपॉइंटमेंट कधीकधी महिनोनमहिने मिळत नाही, मग पैसे असून उपयोग नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिल्या परदेशवारीसाठी आशियातली परिषद सुचवते, एओजीएस, म्हणजे आशिया-ओशनियाची भूविज्ञान परिषद, त्यात ग्रहविज्ञानाचा वेगळा विभाग आहे आणि खर्चही आवाक्यातला.

एक विचारायचं राहिलं, तू डेटा बेंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या केंद्राच्या प्रदान पोर्टलवरूनच घेतेस ना? ओएचआरसी या कॅमेऱ्याचा असेल, पिक्सेलला पाव मीटरवाला, तर पोस्टरवर एक तरी मूळ फ्रेम मोठी करून लाव, सावलीतला एखादा गडगडत आलेला दगड आणि त्याच्या मागची चाकोरी दिसेल अशी. लोक आकडे वाचायला नाही, चित्र बघून थांबतात.

पुण्यात आयसरला शेवटचं वर्ष. अमेरिका, युरोप की जपान? आणि नासा?

हां, आला नासा. नासाची कायमची नोकरी अमेरिकन नागरिकांसाठी असते. नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा कॅलटेक विद्यापीठ चालवतं, तिथे परदेशी माणूस अशक्य नाही पण सोपाही नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनीच सुमारे ५३० लोकांना कमी केलं. २०२६ साठी नासाच्या विज्ञान बजेटमध्ये जवळजवळ निम्म्या कपातीचा प्रस्ताव व्हाइट हाउसने मांडला होता, तेव्हापासून तिकडचे प्राध्यापक नवीन विद्यार्थी घेताना हात आखडता घेतायत. याचा अर्थ जाऊ नकोस असा नाही, अ‍ॅरिझोनात टुसॉनला ज्यांनी बेन्नू लघुग्रहाची माती आणायची मोहीम चालवली तिथे शिकायला कोणाला आवडणार नाही, पण अर्ज करायच्या आधी त्या प्राध्यापकाला थेट विचार, पुढच्या वर्षी तुमच्याकडे पैसे आहेत का. हा प्रश्न तिकडे उद्धट समजत नाहीत.

युरोपात ईएसएच्या, म्हणजे युरोपीय अवकाश संस्थेच्या, नोकऱ्या आणि फेलोशिप सदस्य देशांच्या नागरिकांना, आपण त्यात नाही. पण जर्मनीत ग्योटिंगेनला माक्स प्लांकची सौरमालेवरची पीएचडी शाळा आहे, तिथे कुठल्याही देशाचा विद्यार्थी चालतो आणि पगार मिळतो. जपानचं नाव तू घेतलंस ते बरं केलंस, आपल्याकडे फार कमी जण बघतात. ओकायामा विद्यापीठाची मिसासाची ग्रहद्रव्य संस्था, हायाबुसा-२ या जपानी यानाने लघुग्रहावरून आणलेली र्‍युगूची माती जिथे तपासली गेली, आणि मेक्स्टची, म्हणजे जपान सरकारची, शिष्यवृत्ती, ही जोडी नीट अभ्यास. शिवाय चांद्रयान-५ इस्रो आणि जपानची अवकाश संस्था जाक्सा मिळून करतायत, तेव्हा दोन्हीकडची भाषा कळणारी माणसं लागणारच. खर्चासाठी जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, १८९२ पासून चालू, फक्त ते कर्ज-शिष्यवृत्ती आहे हे घरी आधी सांगून ठेव.

आणि एक, इकडे थांबलास तरी पुढची काही वर्षं रिकामी जाणार नाहीत. चांद्रयान-४ मातीचे नमुने आणणार, शुक्राच्या मोहिमेला मंजुरी मिळालीय, दोन्ही निर्णय सप्टेंबर २०२४ चे. नमुने आले की ते हाताळायला शिकलेली माणसं आधीच तयार असावी लागतात.

मी रत्नागिरीला शाळेत विज्ञान शिकवतो, वय चाळीसच्या पुढे. आमच्यासाठी काही आहे का, की हे सगळं पोरांचंच?

आहे की सर. आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोध मोहीम फुकट असते, शाळेचा गट नोंदवायचा, हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा येतात, एकाच जागेच्या चार प्रतिमा एकामागून एक फिरवून बघायच्या, तारे जागेवर राहतात आणि जो ठिपका सरकतो त्याची नोंद करून पाठवायची. आठवीची मुलं आरामात करतात, फक्त गरम पिक्सेललाच, म्हणजे कॅमेऱ्यातल्या बिघडून उजळ दिसणाऱ्या ठिपक्यालाच, लघुग्रह समजतात सुरुवातीला. एक लॅपटॉप पुरतो, शाळेचं नेट चालत नसेल तर घरून डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर न्या, आणि रिपोर्टची मुदत चुकवू नका, उशिरा आलेलं मोजत नाहीत.