उशिरा आलेल्या फाइलला शून्य द्यावे का?

प्रश्न : मी इंदूरमधील एका सीबीएसई शाळेत नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. प्रकल्प आणि प्रॅक्टिकलच्या फाइली ठरल्या तारखेला बरीच मुले देत नाहीत. माझे काही सहकारी अशा मुलांना सरळ शून्य देतात, तर काही जण वर्ष संपेपर्यंत सारे स्वीकारतात. मी कोणता मार्ग धरावा?
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : उशिरा आलेल्या कामाला शून्य देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येकी दहा गुणांच्या पाच कामांपैकी चारांत आठ-आठ गुण मिळवणाऱ्या मुलीची पाचवी फाइल चार दिवस उशिरा आली आणि आपण तिला शून्य दिले, तर तिची टक्केवारी ८० वरून ६४ वर येते. हा आकडा तिच्या विज्ञानाविषयी खोटे सांगतो. उशिराबद्दल एक गुण कापून सात दिले असते, तर ती ७८ टक्क्यांवर राहिली असती आणि शिस्तीची जाणीवही तिला झाली असती.

सीबीएसईच्या दहावीत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्या वीसांत नियतकालिक चाचण्या, बहुविध मूल्यमापन (तोंडी परीक्षा, प्रश्नमंजुषा अशा निरनिराळ्या रीतींची तपासणी), पोर्टफोलिओ (मुलाच्या वर्षभरातील कामाचा संग्रह) आणि विषयसमृद्धी (विज्ञानात प्रॅक्टिकलचे काम) यांना प्रत्येकी पाच गुण आहेत. तीन चाचण्यांपैकी उत्तम दोनच धरण्याची सवलत मंडळानेच दिलेली आहे. एखादा दिवस वाईट जाऊ शकतो, हे त्यात गृहीतच आहे. मग फाइलच्या बाबतीत आपण त्याहून कठोर का व्हावे?

मात्र वर्षभर दार उघडे ठेवणेही मला मान्य नाही, कारण वेळेवर काम देणाऱ्या मुलांवर तो अन्याय आहे आणि एकगठ्ठा आलेल्या फाइली तपासण्यात आपला जीव जातो, तो वेगळाच. म्हणून मुदतीनंतर एक आठवड्याची सवलत आणि त्यासाठी ठरावीक कपात, असा नियम एप्रिलमध्येच लेखी द्यावा आणि विज्ञानाच्या सर्व शिक्षकांनी तो सारखाच पाळावा. तारखा ठरवताना शहराचे पंचांगही पाहावे. अनंत चतुर्दशीला रात्रभर मिरवणुकीतल्या झांक्या (चित्ररथ) पाहून आलेल्या मुलांकडून दुसऱ्याच दिवशी फाइल मागण्यात अर्थ नाही. आजारपण किंवा घरातील दुःखद प्रसंग असेल, तर कपात मुळीच करू नये.

काम आलेच नाही, तर गुणपत्रकात शून्याऐवजी ‘अपूर्ण’ असा शेरा ठेवून पालकांना लेखी कळवावे आणि मुलाला शाळा सुटल्यावर बसवून ते पूर्ण करून घ्यावे. दहावीचे गुण मंडळाच्या पोर्टलवर एकदा भरले की बदलता येत नाहीत, तेव्हा ही शेवटची संधी त्याआधी किमान दोन आठवडे द्यावी. तरीही काही आले नाही, तर त्या कामाचे शून्य मांडावे. पालकांना दाखवण्यासाठी सूचनांची नोंद तोवर आपल्या हाती असेल.