मुलीच्या शिक्षणाचे पैसे आणि वीस वर्षांची ऑक्टाव्हिया आरएस

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय 41, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत नोकरी, पाथर्डी फाट्याला फ्लॅट, गृहकर्जाचा हप्ता 31 हजार, एसआयपी 18 हजार, मुलगी आठ वर्षांची. पुण्यात 2005 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस साडेसहा लाखांना मिळतेय. मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात 11 लाख साठलेत, त्यातून ही रक्कम काढायचा विचार आहे. अशा गाड्या दुर्मिळ होत चालल्यात, दहा वर्षांत भाव चढेल आणि मुलगी बारावी झाली की गाडी विकून फी भरू, असं तुम्ही म्हणता.

गाडी घ्यायला माझी हरकत नाही. मुलीच्या पैशांतून घ्यायला आहे.

तुमचा जीव या गाडीवर का जडला, ते मला कळतं. टर्बो पेट्रोल हा शब्दही आपल्याकडे फारसा कुणी वापरत नव्हता, त्या काळातली ही 1.8 लिटरची, पाच गिअरची सेडान. युरोपात हिला 180 अश्वशक्ती होती, आपल्याकडे 150 आली, तरी तेव्हाच्या रस्त्यांवर ती काय पळायची! शिवाय ऑक्टाव्हिया जोडली जायची ती आपल्याच तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर), शेंद्र्याला. अशा गाडीला चाहते राहणार, यात शंका नाही.

पण चाहते आणि गिऱ्हाईक यांत फरक आहे. तुम्ही स्कायलाइन आणि सुप्रा या जुन्या जपानी गाड्यांच्या परदेशातल्या भावांचा दाखला दिलाय. त्या भावांमागे अमेरिकेतला एक नियम मोठं कारण आहे. 25 वर्षं पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा मानकांच्या अटीतून सुटते आणि आयात करता येते. त्यामुळे जपानमधल्या जुन्या गाड्यांना अख्ख्या अमेरिकेची बाजारपेठ मिळाली. आपल्या आरएसला गिऱ्हाईक मिळेल ते भारतातच, आणि त्यातही जुनी युरोपियन गाडी सांभाळायची तयारी असलेल्या मोजक्या लोकांत. ‘व्हिंटेज’चा कायदेशीर दर्जा म्हणाल, तर 2021च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी 50 वर्षांची आणि मूळ रूपातली लागते. तुमची गाडी तिथे पोचेल 2055 साली. तेव्हा तुम्ही सत्तरीत असाल.

आता हिशेब. साडेसहा लाख ही सुरुवात आहे. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळे रबरी होज, सस्पेन्शनचे बुश, टायर, यांसाठी पहिल्याच वर्षी दीड लाख बाजूला ठेवा. म्हणजे आठ लाख. पुढे विमा, सर्व्हिस आणि अधूनमधून निघणारी मोठी कामं धरून वर्षाला 80 हजार. हेच पैसे 7 टक्के व्याजाने ठेवले असते, तर दहा वर्षांनी जवळपास 26 लाख 80 हजार झाले असते (कर सोडून). म्हणजे गुंतवणूक म्हणून ती गाडी तेव्हा निदान 26 लाख 80 हजारांना विकली गेली पाहिजे. आज साडेसहाला मिळणारी गाडी! वापरातली गाडी नफ्यात विकली तरी भांडवली नफ्यावर कर लागत नाही, हे तुमच्या बाजूचं खरं आहे, पण त्याने हा डोंगर सर होत नाही.

आणि समजा भाव आला, तरी तारखेचं काय? प्रवेशाची यादी लागली की फी भरायला हातात मोजके दिवस असतात. सोनं असेल तर सकाळी सराफ बाजारात जाल आणि संध्याकाळपर्यंत पैसे हातात येतील. फंड विकला तर थोड्या दिवसांत खात्यात जमा. या गाडीचा गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. तो येईल, फेरी मारेल, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणेल आणि तुमची घाई ओळखून भाव पाडेल. ज्या खर्चाची तारीख ठरलेली आहे, तो मी कधीही अशा वस्तूवर टांगू देत नाही.

जुनं टर्बो इंजिन किती गुपचूप नुकसान करतं, ते मी जवळून पाहिलंय. माझ्या एका क्लायंटची अशीच जुनी टर्बो पेट्रोल गाडी. द्वारकेच्या सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, गाडी निघाली की विझायचा. त्यांनी महिनाभर मनावर घेतलं नाही. मेकॅनिकने चेंबर उघडून ऑइल ओढणारी जाळी माझ्यासमोर धरली. बोट फिरवलं तर काळ्या डांबरासारखा थर, मधून जेमतेम चार-पाच भोकं मोकळी. तोवर टर्बोचं बेअरिंग गेलं होतं आणि क्रँकचीही वाट लागली होती. तुमच्या गाडीतलं 1.8 टर्बो इंजिनही ऑइलच्या गाळासाठी जाणकारांत प्रसिद्ध आहे. ऑइल वेळेवर बदललं गेलं का, याच्या पावत्या नसतील तर तिथेच थांबा.

त्यात पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. 2005ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंधनाचे पाइप आणि सील बदलावे लागतील असं धरूनच चाला.

कागदांचं लवकर आटोपते. आरसीचं नूतनीकरण 2030पर्यंत झालंय, चांगलं आहे. तेव्हा पुन्हा पेठ रोडच्या आरटीओची फेरी, फिटनेस आणि पर्यावरण कर. विम्यात मात्र लक्ष घाला. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवायची असते. कंपनी दीड लाख लिहून मोकळी होईल आणि गाडी चोरीला गेली तर तेवढेच हातात येतील. पॉलिसी घेण्याआधीच भांडून घ्या.

मग करायचं काय? तुमची तीन लाखांची एफडी येत्या वर्षी सुटतेय. दिवाळीचा बोनस पावणेदोन लाखांच्या आसपास मिळतो, असं तुम्हीच लिहिलंय. दोन दिवाळ्यांत साडेसहा लाख जमतात, तिसऱ्या दिवाळीला कामाचे दीड लाख. एसआयपीला आणि मुलीच्या फंडाला हात लागत नाही. तोवर ही गाडी कदाचित जाईल, आणि तुम्हाला ते लागेल, हे मला माहीत आहे. दुसरी शोधू.

तेव्हा पैसे तुमच्या हौसेचे असतील. कसारा घाट चढताना टर्बोने ओढ घेतली की त्यांचं चीज झालं, मग दहा वर्षांनी ती चार लाखांना गेली तरी चालेल. फक्त रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली), बंपर बदललेली घेऊ नका. जुन्या गाडीला उद्या भाव मिळालाच, तर तो मूळ रूपाला मिळतो. आणि बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका; इंजिन गरम असलं की दोष लपतात. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर आल्या पावली परत फिरा.