पहिल्यांदा पापनिवेदनाला जाताना

पापनिवेदन म्हणजे फादरांसमोर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंसमोर, आपली पापं सांगून देवाची क्षमा मागणं. त्याच्या आदल्या रात्री अर्धा तास शांत बस. बायबलमधल्या दहा आज्ञा एकेक घे आणि मागच्या पापनिवेदनापासूनचे (पहिलंच असेल तर आजवरचे) दिवस त्यांवर घासून पाहा. गंभीर पाप कोणतं आणि साधारण किती वेळा, एवढं सांगावंच लागतं. गोष्ट रंगवू नकोस. "पण त्यानंच मला चिडवलं" हे तर मुळीच नको, तिथे आपण फक्त आपलंच पाप सांगायला जातो. कागदावर लिहून नेलंस तरी चालतं, नंतर फाडून टाक.

आत गेल्यावर क्रुसाची खूण कर, शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांग. पहिलंच असेल तर तसं सांग, फादर पुढचं सांभाळून घेतात. पश्चात्तापाची प्रार्थना विसरलास तर स्वतःच्या शब्दांत म्हण.

लाज वाटेल. मलाही वाटायची, आणि एकदा त्यापायी मी एक पाप मुद्दाम गिळलं. ते ओझं महिनोन्‌महिने उतरलं नाही. नकळत विसरलेल्या पापाचीही क्षमा मिळते, पुढच्या वेळी ते सांगायचं. जाणूनबुजून लपवलेल्याचं तसं नाही. फादरांवर गुप्ततेचं कडक बंधन आहे (चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन 983), मोडलं तर धर्मबहिष्कार.

दिलेलं प्रायश्चित्त शक्यतो चर्चमधून निघण्याआधीच पूर्ण कर.