गर्भनिरोधक गोळी घेणं म्हणजे दर महिन्याला गर्भपात करणं का?

नाही. पण असं वाटलं यात तुमचं काही चुकलं नाही. मी सहा वर्षं गोळ्या घेतल्या, आणि पहिली दोन वर्षं मलाही त्या पोटात जाऊन काय करतात ते ठाऊक नव्हतं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्याकडून एलएच या हार्मोनची लाट आली की बीजांडकोशातून स्त्रीबीज सुटतं. गोळीतली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही हार्मोनं रोज रक्तात असली की ही ग्रंथी गप्प बसते. शिवाय प्रोजेस्टिनमुळे गर्भाशयमुखाचा स्राव इतका घट्ट होतो की शुक्राणू तिथेच अडकतात. बीजच सुटलं नाही तर पाडणार काय?

वाद आहे तो अस्तराचा. गोळीने गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं. मग चुकून बीज सुटलं, फळलं आणि रुजायला जागा मिळाली नाही तर? फलनापासूनच जीव मानणाऱ्याची ही शंका मला खोटी वाटत नाही. पण पातळ अस्तरामुळे फळलेलं बीज खरंच वाया जातं, हे सिद्ध झालेलं नाही. उलट गोळ्या विसरणाऱ्यांना दिवस जातातच. रोजच्या व्यवहारात वर्षाला गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साधारण 7 जणींना.

आणि कॅथलिक चर्चचा विरोध या शंकेवर उभाच नाही. पोप सहावे पॉल यांनी 1968 मध्ये गोळी नाकारली ती समागम आणि संतती यांची मुद्दाम फारकत होते म्हणून. तो मुद्दा अस्तर तपासून सुटणारा नव्हे. गंमत म्हणजे गोळीच्या जन्मदात्यांपैकी डॉ. जॉन रॉक स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते.

मला खुपतं ते वेगळंच. 1956 मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या गरीब बायकांवर गोळीची चाचणी झाली. हा प्रयोग आहे हे त्यांना धड सांगितलंच नव्हतं. चक्कर, मळमळ अशा तक्रारी आल्या, तर त्या मनाचे खेळ ठरवल्या गेल्या. हार्मोनचा डोस तेव्हा आजच्या कितीतरी पट होता.

मलाही गोळी लिहून देताना कुणी काही विचारलं नाही. पस्तिशीनंतर धूम्रपान, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी असेल, तर इस्ट्रोजेनची गोळी टाळतात, हे मी पाकिटातल्या घडी घातलेल्या कागदावर वाचलं. बारीक अक्षरात, चष्मा लावून.